सर्व संबंधित कागदपत्रांसह

नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये, असं माझ्या आईनं मला लहानपणीच बजावलं होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश 16नं तिचं काही ऐकलेलं दिसत नाही. या आदेशाखाली कोर्ट कोणत्याही सज्जन माणसाला समन्स पाठवून कळवू शकतं की, बाबा रे, या भांडणाशी तुझा संबंध नसेल, पण तुझ्या कपाटातल्या कागदांचा आहे. तेवढे घेऊन ये. कागदांना पाय नसल्यामुळे त्यांच्याबरोबर सज्जन माणसालाही जावं लागतं.

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. ही निवडणूक मी लढवलेली नाही. ज्या वार्षिक सभेला मी तापामुळे जाऊ शकलो नाही, त्या सभेत मी एकमतानं निवडून आलो. शहराचं नाव सांगत नाही, कारण प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. माणसांची नावंही सांगत नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे. ती मला पटकन आठवतच नाहीत. सेक्रेटरी झाल्यापासून मला माणसं फ्लॅटच्या नंबरावरून ओळखू येतात. एकशे तीन म्हणजे प्रत्येक ठरावाला विरोध नोंदवणारे काका. दोनशे एक म्हणजे अध्यक्ष. तीनशे चार म्हणजे कबुतरांना दाणे घालणाऱ्या मॅडम. परवा एका लग्नात वरपित्याची ओळख करून देताना मी म्हणालो, “हे आमचे पाचशे एक, मेंटेनन्स थकलेला नाही.” गृहस्थ इतके खूश झाले की त्यांनी आग्रहानं माझ्या पानात दुसऱ्यांदा जिलबी वाढायला लावली.

तर आमच्या चारशे दोनचं बिनसलं.

बिनसण्याची मूळ कारणं मला ठाऊक नाहीत, म्हणजे सोसायटीत सांगितली जातात तेवढीच ठाऊक आहेत. वाद कोर्टात गेला तो घरावरून. त्यासाठी 2021 सालच्या मार्चमध्ये जावं लागेल. करोनाच्या काळात घरं विकली जावीत म्हणून सरकारनं मुद्रांक शुल्क उतरवलं होतं, आणि त्या वर्षी जानेवारी ते मार्च दोन टक्के सूट होती. चारशे दोनच्या नवऱ्यानं ते तीनही महिने चांगला मुहूर्त शोधण्यात घालवले. मुहूर्त निघाला तो जूनमधला. पंच्याहत्तर लाखांचं घर, दोन टक्के म्हणजे दीड लाख, आणि ते मुहूर्तापायी गेले. माणूस सैरभैर झाला. तेवढ्यात त्याला कोणीतरी सांगितलं की 1 एप्रिलपासून नवी सवलत आली आहे. घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का माफ. मात्र एकट्या बाईच्या. जोडीला नवऱ्याचं नाव लावलं की सवलत गेली. त्यानं आनंदानं स्वतःचं नाव गाळलं आणि पंच्याहत्तर हजार वाचवले. हे वाचवलेले पंच्याहत्तर हजार त्यानं लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि गणपतीच्या आरतीच्या दोन कडव्यांच्या मध्ये आम्हाला इतक्या वेळा सांगितले की आमच्यापैकी काहींना ते आपणच वाचवल्यासारखे वाटू लागले.

आता त्याचं म्हणणं असं, की पैसे माझे, तिचं नाव नुसतं सवलतीपुरतं. नवऱ्यानं आपल्या उघड उत्पन्नातून बायकोच्या नावावर घेतलेलं घर बेनामी धरत नाहीत, ही कायद्यातली सवलत त्याच्या वकिलानं अर्जाच्या पहिल्याच पानावर मांडली होती. (सवलत हा या माणसाचा स्थायीभाव आहे.) तिचं म्हणणं असं, की खरेदीखतावर नाव माझं, सुरुवातीचे वीस लाख माझ्या साठवणीतले आणि माहेरचे, तेव्हा घर माझं. आणि सोबत स्त्रीधनाची यादी. त्या यादीत पाटल्या, बांगड्या, राणीहार यांच्यानंतर एकदम ‘स्टीलचे पातेले मोठे, झाकणासह, नग 1’ असं येतं. त्याखाली कंसात ‘झाकण जाबदारांकडे’. म्हणजे पातेलं कुठे आहे याबद्दल वाद नाही, झाकणाबद्दल आहे.

बेलीफ आला तेव्हा मी गच्चीवर टाकीत वाकून बॉलकॉक हलवत होतो. तिथंच त्यानं मला समन्स बजावलं आणि तिथंच माझी सही घेतली, त्यामुळे त्या सहीवर आजही पाण्याचा थेंब आहे. ‘सदर सदनिकेबाबतच्या सर्व संबंधित कागदपत्रांसह’ मी हजर व्हायचं होतं. खाली यादी होती. शेअर सर्टिफिकेटची नोंद, सभासदांचं आय रजिस्टर, मेंटेनन्सच्या पावत्या, आणि व्हिजिटर रजिस्टर. हे नवऱ्याच्या बाजूचं. दुसऱ्या आठवड्यात तोच बेलीफ बायकोच्या बाजूचं समन्स घेऊन आला. त्यात वारसनोंदीचा फॉर्म, कमिटीच्या सभांची इतिवृत्तं, पार्किंग वाटपाचा तक्ता आणि लिफ्टसमोरच्या कॅमेऱ्याचं चित्रण.

“नाही गेलात तर काय होतं?” आमच्या हिनं विचारलं.

“वॉरंट निघू शकतं. जप्ती येऊ शकते. पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.”

“पाचशेच ना? भरून टाका. घर नावावर करून देताना तुमची सोसायटी ट्रान्सफर फी म्हणून तेवढेच घेते.”

जप्तीचा शब्द तिनं सोयीनं ऐकला नव्हता. तो मी पुन्हा उच्चारल्यावर तिनं माझी कोर्टात जायची पँट इस्त्रीला दिली.

त्यानंतर दोन्ही पक्ष आमच्या घरी येऊन गेले. संध्याकाळी तो आला. “काका, तुम्ही फक्त खरं काय ते सांगा,” असं म्हणून त्यानं खरं काय ते टाइप केलेला एक कागद माझ्या हाती दिला. सकाळी ती आली. “काका, मला कोणाची बाजू नको, फक्त सत्य हवं,” असं म्हणून तिनं सत्याची झेरॉक्स दिली. दोन्ही कागद कोपऱ्यावरच्या एकाच माणसानं टाइप केलेले होते, कारण ‘प्रामाणिक’मधली वेलांटी दोन्हीकडे सारखीच चुकली होती. हिनं दोघांनाही चहा केला. तो साखरेचा पितो, ती बिनसाखरेचा. इतकी वर्षं एका घरात राहून एकमत न होण्याची सुरुवात तिथूनच झाली असावी, असं हिचं मत पडलं.

या भेटींत मला एक गंमत कळली. घराच्या प्रकरणाबरोबर पोटगीचंही प्रकरण चालू होतं. नागपूरच्या एका पोटगीच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली ठरवून दिलं, की दोन्ही पक्षांनी आपापली मालमत्ता आणि देणी शपथेवर जाहीर करायची. पगार, खर्च, ठेवी, दागिने, वाहनं, विमा, सगळं. त्याप्रमाणे दोघांनी शपथपत्रं दिली होती. पोटगीच्या शपथपत्रात नवऱ्याची परिस्थिती वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पगार कापून कापून हाती येतो तो जेमतेम, आईची औषधं, गाडीचा हप्ता, महिनाअखेरीला उसनवारी. आणि त्याच माणसाच्या घराच्या अर्जात मात्र गृहकर्जाचे हप्ते, रंगकाम, मॉड्युलर किचन, सगळं त्यानं एकट्यानं, स्वकष्टार्जित पैशातून, सहज केलेलं. बायकोचंही तसंच. पोटगीत ती निराधार, उत्पन्न शून्य, माहेरच्यांवर अवलंबून. घराच्या अर्जात ती वीस लाख साठवणारी करती बाई. एकाच कोर्टात, एकाच मजल्यावर, एका दालनात दोघं कंगाल होती आणि शेजारच्या दालनात दोघं लक्षाधीश. मधल्या कॉरिडॉरमध्ये नेमकी कोणती परिस्थिती लागू होते हे मला कोणाला विचारावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

आता कागद गोळा करायचे होते. सोसायटीचं लोखंडी कपाट माझ्या आधीच्या सेक्रेटरीच्या काळात शेवटचं पूर्ण उघडलं होतं. त्याची किल्ली त्यांच्या मुलाकडे बंगळुरूला गेली होती, त्यामुळे आम्ही उजवं दार ढकलून डावीकडच्या फटीतून कागद ओढतो. हाताला लागेल ते कामाचं, अशी आमची पद्धत आहे. या वेळी एकदम सगळंच हवं असल्यामुळे कुलूपवाला बोलावला. कपाट उघडलं आणि आतून 1998 सालच्या दिवाळीचा आकाशकंदील, तीन पितळी समया, पाण्याच्या पंपाचा एक वॉशर आणि कसर लागलेली आय रजिस्टरं बाहेर आली. ही रजिस्टरं म्हणजे सोसायटीची वंशावळ. कोणी कधी घर घेतलं, कोणाला विकलं, कोणाच्या नावावर चढलं, सगळं त्यात. त्यांचा आकार मात्र असा, की झेरॉक्सच्या मशीनची काच संपते आणि रजिस्टर संपत नाही. झेरॉक्सवाला म्हणाला, “काका, अर्धं अर्धं काढून चिकटवून देतो.” पण नावं एका पानात आली आणि शेअर नंबर दुसऱ्या पानात गेले, तेव्हा मूळ रजिस्टरच उचलून न्यायचं ठरलं.

कोर्टात इतिवृत्तं जाणार ही बातमी सोसायटीत पसरायला पाण्याच्या टँकरच्या बातमीइतकाच वेळ लागला. रात्री अध्यक्ष खाली आले.

“पान चौदा,” ते हळू आवाजात म्हणाले. “माझ्या दुसऱ्या पार्किंगचा ठराव.”

“तो चारशे दोनशी संबंधित नाही.”

“समन्समध्ये ‘सर्व’ असं लिहिलंय.”

“सर्व संबंधित.”

“मग असंबंधित पान चुकून फाटलं, तर कोर्टाला काय फरक पडतो?”

मी त्यांना समजावलं की कोर्टानं मागवलेली वही फाडली तर पार्किंगऐवजी आपल्यालाच आत उभं करतील. त्यांच्यापाठोपाठ तीनशे चार आल्या. त्यांच्या कबुतरांविषयीचा ठराव न्यायाधीशांच्या वाचनात येऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं, कारण न्यायाधीशही शाकाहारी असू शकतात आणि त्यांच्या मनाला लागेल. हे शाकाहाराचं मला नीटसं कळलं नाही, पण नोंद केली. सर्वांत आनंदी होते एकशे तीन. बारा वर्षं त्यांनी प्रत्येक सभेत विरोध नोंदवला होता आणि आजवर तो कोणी वाचला नव्हता.

“माझे सगळे विरोध वाचले जातील ना?” त्यांनी विचारलं. “मी ते लाल शाईनं अधोरेखित करून देऊ का?”

त्यांना कुठून तरी हेही कळलं होतं की नुसते कागद मागवले असतील तर ते दुसऱ्याच्या हाती पाठवलेले कोर्टाला चालतात. “तुमच्या गुडघ्याला त्रास आहे, मी नेऊन देतो,” असं म्हणत ते रोज सकाळी बेल वाजवू लागले. गुडघा दुखत असूनही मी स्वतः जायचं ठरवलं ते याच भीतीनं.

चित्रणाची भानगड वेगळीच. आमचा कॅमेरा पंधरा दिवसांचं साठवतो आणि मग स्वतःच पुसतो, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी लिफ्टसमोर कोण कोणाला काय बोललं ते त्यात नव्हतं. होतं ते एवढंच, की गेले पंधरा दिवस मी रजिस्टरं घेऊन वर-खाली करतोय. तरी बायकोच्या वकिलाला ते हवं होतं. आणि त्याबरोबर एक प्रमाणपत्र हवं होतं. जालन्याच्या एका विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात, निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या चित्रणावरून सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच. त्या काळात संगणक व्यवस्थित चालू होता, असं त्यात सही करून लिहून द्यायचं असतं. आमचा सोसायटीचा संगणक सुरू करताना वॉचमनला पंख्याचं बटण बंद करावं लागतं. मराठी टाइप करताना ‘ळ’ येत नाही, त्यामुळे आमच्या सगळ्या नोटिशींत ‘सकाळी’ऐवजी ‘सकाली’ असतं. त्याबद्दल मी शपथेवर ‘व्यवस्थित’ हा शब्द लिहायचा होता. नव्या साक्ष्य अधिनियमात त्या प्रमाणपत्राला दुसरा भागही आहे, तो तज्ज्ञानं भरायचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची.

“हॅश व्हॅल्यू म्हणजे किती रुपये लिहू?” मी भाच्याला फोन करून विचारलं.

त्यानंतर तो कॉलेजला असताना माझा फोन घेत नाही, मेसेज करा म्हणतो.

अखेर तारखेला कोर्टात गेलो. मी आरशासमोर साक्षीची तयारी केली होती. ‘होय, मला आठवतं’ आणि ‘नाही, हे खरं नाही’ ही दोन वाक्यं तर मी इतकी घोटली होती, की सकाळी दूधवाल्यालाही तेच म्हणालो. कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये एकाच बाकाच्या दोन टोकांना नवरा आणि बायको, मध्ये दोन्ही बाजूंची मंडळी, आणि मंडळींमध्ये एक स्टीलचा डबा. डबा कोणत्या बाजूचा यावर मी विचार करत असतानाच नवऱ्याच्या वकिलानं माझं सगळं अवसान काढून घेतलं.

“तुम्ही साक्षीदार नाही आहात,” तो म्हणाला. “कागद हजर करायला बोलावलेला माणूस तेवढ्यानं साक्षीदार होत नाही. तुमची उलटतपासणी होणार नाही. 1872 च्या कायद्यात होतं तेच नव्या साक्ष्य अधिनियमातही आहे. कागद ठेवायचे, पावती घ्यायची, घरी जायचं.”

दीडशे वर्षांचा कायदा बदलला आणि त्यात नेमकं हेच तसंच ठेवलं, हे मला व्यक्तिशः लागलं.

पुकारा झाला. न्यायाधीश मॅडमनी समोरची चवड पाहिली, मग मला पाहिलं, मग पुन्हा चवड.

“यातल्या कशाचा मुद्द्याशी काय संबंध?” त्यांनी विचारलं.

आणि सकाळभर त्या तेच विचारत राहिल्या. नवऱ्याच्या वकिलाला पहिलं व्हिजिटर रजिस्टर हवं होतं. सासूबाई, म्हणजे बायकोच्या आई, सतत येऊन राहायच्या आणि त्यामुळे संसार मोडला, हे त्याला शाबीत करायचं होतं. आमच्या व्हिजिटर रजिस्टरात येण्याची वेळ वॉचमन लिहून घेतो. जाण्याची वेळ कोणी लिहीत नाही, कारण जाणाऱ्या माणसाला घाई असते आणि वॉचमन तेव्हा पंप बंद करायला गेलेला असतो. वकिलानं बोट ठेवून वाचलं.

“मॅडम, 3 फेब्रुवारी. नाव, सासूबाई. कोणाकडे, चारशे दोन. काम, ‘आई’. आल्या सकाळी दहा. जाण्याची नोंद नाही. म्हणजे त्या गेल्याच नाहीत.”

मॅडमनी रजिस्टर जवळ ओढलं. “त्याच पानावर प्लंबर आहे. आला साडेदहा. तोही गेलेला नाही. खाली इस्त्रीवाला, दोन पिझ्झावाले, आणि एक मांजर पकडणारा. हे सगळे अजून चारशे दोनमध्येच आहेत का?”

“मॅडम, कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम 14. एरवी पुराव्यात बसत नसलेलं कागदपत्रही हे न्यायालय वाचू शकतं.”

“वाचू शकतं, जर त्याची मदत होईल असं न्यायालयाचं मत असेल तर. तुमचं नाही.”

रजिस्टर माझ्याकडे परत आलं. इतिवृत्तांची वही बायकोच्या वकिलानं उघडली. सभांत नवरा बायकोला बोलू द्यायचा नाही, हे त्याला दाखवायचं होतं. त्याला प्रत्येक पानावर एकशे तीन सापडले. लाल शाईनं. मी नको म्हटलेलं असूनही त्यांनी ते रात्री केव्हातरी केलं होतं. “हे एकशे तीन पक्षकार आहेत का?” मॅडमनी विचारलं. मी “नाही, सभासद” असं म्हणालो. त्या वहीत कामाचा ठराव एकच निघाला. चारशे दोन बायकोच्या नावावर करायला सोसायटीनं मान्यता दिल्याचा. तेवढ्यासाठी वही आणि आय रजिस्टर कोर्टानं ठेवून घेतलं. प्रत आणली आहे का, असं विचारल्यावर मी मशीनच्या काचेची अडचण सांगितली. चित्रणाची पेनड्राइव्ह आणि प्रमाणपत्र पाहिलंच गेलं नाही, त्यामुळे ‘व्यवस्थित’ या शब्दाखाली मी केलेली सही अजून माझ्याच खिशात आहे.

मी पिशव्या गोळा करत होतो तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “सेक्रेटरी, थांबा. या घराबद्दल या दोघांनी सोसायटीला कधी काही लेखी दिलंय?”

कोर्टात हजर असलेल्या कोणाही माणसाला कोर्ट जागच्या जागी साक्ष द्यायला लावू शकतं, आणि त्याच्याजवळ असलेला कागद दाखवायला लावू शकतं. मला हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की मला शपथ देतायत. घोटलेली दोन्ही वाक्यं ऐन वेळी विसरलो. पण पिशवीच्या तळाशी एक फाइल होती, तिच्यावर माझ्या अक्षरात ‘लिफ्ट’ असं लिहिलेलं.

2023 साली लिफ्ट बंद पडली तेव्हा आम्ही प्रत्येक फ्लॅटकडून चाळीस हजार रुपये मागितले. सगळ्यांनी कुरकुरत दिले. एकशे तीननी विरोध नोंदवून दिले. चारशे दोननं दिले नाहीत. मी नोटीस पाठवली, थकबाकीवर एकवीस टक्के व्याज लागेल असंही लिहिलं. त्यावर दोन पत्रं आली होती, एकाच आठवड्यात. मी ती एकत्र स्टेपल करून ठेवली होती. मॅडमनी ती मोठ्यानं वाचली.

नवऱ्याचं पत्र होतं: ‘सदर सदनिकेची एकमेव मालक माझी पत्नी असून माझा तिच्याशी काहीही आर्थिक संबंध नाही. सबब, वर्गणी तिच्याकडून वसूल करावी.’

बायकोचं पत्र होतं: ‘मी गृहिणी असून मला कोणतेही उत्पन्न नाही. सदनिकेचा सर्व पैसा माझ्या पतींनी भरला आहे व भरत आहेत. सबब, वर्गणी त्यांच्याकडून वसूल करावी.’

दालनात थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. नवऱ्याच्या वकिलानं दुसरं पत्र फार महत्त्वाचं आहे असं सांगितलं, पहिल्याला हरकत घेतली. बायकोच्या वकिलाला पहिलं फार महत्त्वाचं वाटत होतं, दुसऱ्याला त्याची हरकत होती. मॅडमनी दोन्हींवर निशाणी टाकली. एकाला सत्तेचाळीस, दुसऱ्याला अठ्ठेचाळीस. मग त्यांनी दोघांना मध्यस्थाकडे पाठवलं. बाहेर पडताना नवरा बायकोला म्हणाला, “तू असं लिहून दिलं होतंस?” ती म्हणाली, “आणि तू?” माझ्या माहितीत त्या वर्षातलं हे त्यांचं पहिलंच सरळ बोलणं होतं.

मी मात्र जागेवरून हललो नव्हतो. “मॅडम,” मी म्हणालो, “ते चाळीस हजार अजून यायचे आहेत. व्याज धरून...”

“तो मुद्दा या न्यायालयासमोर नाही,” मॅडम म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात पहिल्या मजल्यावरच्या एकांनी घर विकलं, आणि नव्या मालकाचं नाव चढवायला आय रजिस्टर लागलं. ते कोर्टात. मी गेलो. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, “पक्षकार?”

“नाही.”

“वकील?”

“नाही. रजिस्टर आमचं आहे, ते परत हवंय.”

“निकाल लागून अपिलाची मुदत संपेपर्यंत मूळ कागद मिळत नाही. त्याआधी हवा असेल तर त्याची प्रमाणित नक्कल इथे ठेवा, आणि कोर्ट म्हणेल तेव्हा मूळ परत आणीन असं लिहून द्या.”

“देतो. पण नक्कल कुठून आणू? रजिस्टर तर तुमच्याकडे आहे.”

“नकलेसाठी अर्ज करा. कारण लिहा. शपथपत्र जोडा. आणि तुम्ही सेक्रेटरी आहात याचा पुरावा.”

“माझ्या निवडीचा ठराव आहे.”

“जोडा.”

“तो इतिवृत्ताच्या वहीत आहे.”

“वही आणा.”

“ती इथेच जमा आहे. त्याच प्रकरणात.”

त्यानं पहिल्यांदाच मान वर केली आणि माझ्याकडे थोड्या आस्थेनं पाहिलं.

“मग आधी तिच्या नकलेसाठी अर्ज करा,” तो म्हणाला.